संयुक्त वैद्यकीय पदवी: निश्चिती आणि घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हिवाळा संपत आला की एक प्रश्न दरवर्षी निघतो. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलाला किंवा मुलीला बीएस-एमडी, म्हणजे पदवी आणि वैद्यकीय शिक्षण यांच्या संयुक्त अभ्यासक्रमात जागा मिळालेली असते किंवा मिळण्याची शक्यता असते, आणि ती घ्यावी की नाही यावर घरात एकमत होत नाही. आपल्या वृत्तपत्राचे वाचक इथे आहेत, तसेच ज्यांची नातवंडे आणि भाचरे इथे शिकतात असे वाचक महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत, आणि या निर्णयात त्यांचाही सल्ला घेतला जातो. मी मुंबईत एमबीबीएस झाले, इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (वैद्यकीय पदवीनंतरचे रुग्णालयातील विशेष प्रशिक्षण) अमेरिकेत केली आणि त्यानंतर इथल्याच एका शिकवणाऱ्या रुग्णालयात काम करत आले. त्यामुळे ओळखीचे पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी नेहमीची वाट कशी आहे ते सांगते, कारण संयुक्त अभ्यासक्रमाचे आकर्षण त्या वाटेच्या भीतीतूनच निर्माण झाले आहे. अमेरिकेत साधारणपणे आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे एमडी (इथे ही वैद्यकाची मूळ पदवी आहे, भारतातल्यासारखी पदव्युत्तर नव्हे) असा क्रम असतो. जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय विद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याने प्रवेशासाठी पदवीची अट घातली. अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाची तपासणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने त्या विद्यालयाला आदर्श मानले, आणि पुढच्या काही दशकांत आधी महाविद्यालय, मग वैद्यक ही पद्धत देशभर रूढ झाली. आज या वाटेवर चांगला जीपीए (महाविद्यालयातील गुणांची सरासरी) लागतो, एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते, आणि त्याखेरीज संशोधन, रुग्णसेवेचा अनुभव, शिफारसपत्रे, निबंध आणि मुलाखती असतातच. एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. २०२३-२४ च्या प्रवेशासाठी एमडी देणाऱ्या महाविद्यालयांकडे सुमारे ५२ हजार ५०० जणांनी अर्ज केले आणि जवळपास २३ हजार जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभरातले छप्पन जण त्या वर्षी बाहेर राहिले, आणि हे शंभर म्हणजे रसायनशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या अभ्यासक्रमात दमून वाट बदललेल्या असंख्य मुलांना वगळून उरलेले शंभर. हे आकडे पाहिल्यावर सतराव्या वर्षीच जागा राखून ठेवण्याची इच्छा आईवडिलांना व्हावी यात गैर काही नाही. त्यांच्या काळजीला मी कधीही कमी लेखलेले नाही.

संयुक्त अभ्यासक्रम मात्र पालकांच्या काळजीपोटी जन्मले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात डॉक्टर कमी पडतील अशी चिंता वाढत गेली, आणि हुशार मुलांना लवकर वैद्यकाकडे वळवावे, त्यांचा अभ्यासक्रम सुटसुटीत करावा, असे विचार पुढे आले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९६१ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचे वैद्यकीय विद्यालय १९७१ मध्ये निघाले तेच मुळी सहा वर्षांत बीए आणि एमडी दोन्ही देणारे म्हणून. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाचा आणि ईशान्य ओहायोतला असे दोन अभ्यासक्रम १९७३ चे. त्याच सुमारास सरकारी अनुदानाच्या ओढीने बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांनी एमडीची चार वर्षेही तीनवर आणली होती, पण विद्यार्थी आणि शिक्षक दोघांचीही दमछाक झाल्यामुळे त्यांतल्या बहुतेकांनी काही वर्षांतच तो प्रयोग सोडून दिला. नॉर्थवेस्टर्ननेही आता आपला संयुक्त अभ्यासक्रम बंद केला आहे. म्हणजे वर्षे कमी करण्याचा विचार साठ वर्षांहून जुना आहे, त्याचे अनुभव गोळा झालेले आहेत, आणि ते सगळे एकाच बाजूचे नाहीत.

आज या एकाच नावाखाली फार वेगवेगळे अभ्यासक्रम येतात, आणि माझ्या मते गोंधळाचे मूळ तिथेच आहे. काही सहा वर्षांचे, काही सात वर्षांचे, तर काही आठ वर्षांचे आहेत. आठ वर्षांच्या अभ्यासक्रमात वेळ अजिबात वाचत नाही. तिथे मिळते ती फक्त पुढच्या जागेची हमी. सहा किंवा सात वर्षांच्या अभ्यासक्रमात हमीसोबत एक-दोन वर्षे वाचतात. पालक या दोन्ही गोष्टी एकाच लाभाचे दोन भाग असल्याप्रमाणे मोजतात: जागा पक्की, शिवाय वर्षही वाचले. माझे म्हणणे असे की निश्चिती आणि घाई या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि बहुतेक वेळा एकीची किंमत दुसरीतून वसूल होते. निश्चितीचा खरा फायदा म्हणजे मोकळेपणा. एमकॅटची आणि प्रत्येक गुणाची टांगती तलवार दूर झाली की विद्यार्थ्याला इतिहास, संख्याशास्त्र, एखादी नवी भाषा, प्रयोगशाळेतले अवघड काम हे सारे भीती न बाळगता करता येते. घाई नेमका हाच मोकळेपणा खाऊन टाकते. तीन वर्षांत पदवीचे श्रेयांक पूर्ण करायचे म्हणजे उन्हाळ्यात वर्ग, प्रत्येक सत्रात जादा विषय, आणि शिल्लक वेळात जीपीएची राखण.

ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा अभ्यासक्रम १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे आणि निश्चितीतून मोकळेपणा द्यायचा ही त्याची उघड भूमिका आहे. एमकॅट द्यावी लागत नाही, पदवीसाठी कोणताही विषय घेता येतो, आणि वैद्यकीय विद्यालयाची जागा त्याच विद्यापीठात राखलेली असते. अर्ज हजारोंनी येतात आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर कोणी बसू नये. पण ज्याला मिळेल त्याने ती घ्यावी असे मी निःसंकोच सांगते. ही भूमिका केवळ आदर्शवादी नाही, याला आधारही आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय विद्यालयाने १९८७ मध्ये मानव्यविद्या शिकणाऱ्यांना महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षातच प्रवेशाची हमी देण्याची योजना सुरू केली. त्या विद्यार्थ्यांनी एमकॅट दिली नव्हती आणि नेहमीचे सगळे विज्ञान विषयही पूर्ण केले नव्हते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वैद्यकीय विद्यालयातील त्यांची एकूण कामगिरी सहाध्यायांच्या तोडीची आढळली, आणि पुढे २०१३ मध्ये विद्यालयाने तीच योजना सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली केली. चांगला डॉक्टर होण्यासाठी चार वर्षे गुणांच्या धाकात घालवावीच लागतात, हे गृहीतक त्यामुळे बरेच ढिले झाले.

आता घाईचा हिशेब. तो प्रामाणिकपणे मांडला तर तिचा फायदा खोटा नाही. खासगी विद्यापीठात पदवीच्या एका वर्षाचा एकूण खर्च आता ८० ते ९० हजार डॉलरांपर्यंत जातो, तो वाचतो. शिवाय एक वर्ष लवकर काम सुरू झाले तर आयुष्यभराच्या कमाईत भर पडते ती पूर्ण डॉक्टरच्या एका वर्षाच्या पगाराची, कारण रेसिडेन्सीची वर्षे कोणाचीही कमी होत नाहीत. इंटर्नल मेडिसिन, बालरोग किंवा फॅमिली मेडिसिनला तीन वर्षे, जनरल सर्जरीला पाच, न्यूरोसर्जरीला सात, आणि त्यावर फेलोशिप, म्हणजे उपशाखेचे पुढचे प्रशिक्षण. हा लाभ मोठा आहे. पण तो मिळवायला संयुक्त अभ्यासक्रमच लागतो असे नाही. हायस्कूलमध्ये एपीचे, म्हणजे महाविद्यालयाच्या पातळीचे, विषय घेतलेली मुले अनेक विद्यापीठांत तीन किंवा साडेतीन वर्षांत पदवी पूर्ण करतात. दुसऱ्या टोकालाही वर्ष कमी करता येते: न्यूयॉर्क विद्यापीठासह काही वैद्यकीय विद्यालयांनी तीन वर्षांच्या एमडीची वाट ठेवली आहे, आणि ती निवडताना विद्यार्थी वयाने मोठा असतो, कोणत्या शाखेत जायचे हे त्याला बरेचसे ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा सांगितली जात नाही. यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे जानेवारी २०२२ पासून बंद झाले. आता फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. त्यामुळे त्वचारोग, अस्थिशल्य, न्यूरोसर्जरी अशा चुरशीच्या शाखांच्या रेसिडेन्सीसाठी दुसऱ्या टप्प्याचे गुण, रुग्णालयातील फेऱ्यांमधले शेरे, शिफारसपत्रे आणि संशोधन यांचे वजन वाढले. या शाखांकडे वळणारे विद्यार्थी बहुधा एमडीच्या मध्येच एक वर्ष संशोधनासाठी काढतात. आधी कष्टाने वाचवलेले वर्ष अशा रीतीने पुढे खर्ची पडते, आणि तेही ज्या वयात ते इतिहास किंवा गणित शिकण्यात गेले असते त्या वयानंतर. नेहमीच्या वाटेने येणाऱ्यांतही निम्म्याहून अधिक जण पदवी आणि एमडी यांच्यामध्ये एखादे वर्ष तरी काम करतात. वैद्यकीय विद्यालयात पाऊल ठेवणाऱ्यांचे सरासरी वय २४ च्या आसपास असते. कोणी रुग्णवाहिकेवर काम केलेले असते, कोणी प्रयोगशाळेत, कोणी शाळेत शिकवलेले असते. वॉर्डात रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना हा अनुभव किती कामी येतो हे मी रोज पाहते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भारतात आम्ही बारावीनंतर थेट वैद्यकात गेलो, ब्रिटनमध्येही मुले शाळेतूनच जातात, मग अमेरिकेतल्या मुलांनी लवकर सुरुवात केली तर बिघडले कुठे? लवकर सुरुवात करण्यात चूक नाही, असेच मी म्हणेन; मी स्वतः त्याच वाटेने आले. पण आपला एमबीबीएस साडेपाच वर्षांचा आहे आणि तो शाळेतून आलेल्या मुलासाठीच बांधलेला आहे: शरीररचना, शरीरक्रिया, मग हळूहळू रुग्ण आणि शेवटी इंटर्नशिप. अमेरिकेतले एमडी पदवीधरासाठी बांधलेले आहे. त्यामुळे मुळापासून एकसंध आखलेला अभ्यासक्रम आणि चार अधिक चार या रचनेतून एक वर्ष छाटून जोडलेला अभ्यासक्रम यांत फरक करायला हवा. कॅन्सस सिटीच्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी सुरुवातीपासून रुग्णालयाच्या संपर्कात असतो आणि डोसंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरच्या छोट्या गटात तो वर्षानुवर्षे शिकतो. तिथल्या वेगामागे विचारपूर्वक केलेली आखणी आहे. तो वेग प्रत्येकाला झेपेल असे नव्हे, पण तिथे काय मिळते आणि त्यासाठी काय सोडावे लागते हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळते. पदवीचे एक वर्ष नुसते गाळणाऱ्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमांविषयी असे नेहमी म्हणता येत नाही.

निश्चितीकडे परत येते, कारण तिचीही तपासणी व्हायला हवी. हमी या शब्दाने पालक निर्धास्त होतात, पण जवळजवळ प्रत्येक हमीला अटी जोडलेल्या असतात. जीपीए अमुक एका पातळीच्या खाली जाता कामा नये, विज्ञान विषयांचा जीपीए वेगळा मोजला जाईल, काही ठिकाणी एमकॅट द्यावीच लागेल आणि ठराविक गुण मिळवावेच लागतील. जिथे एमकॅट आहे आणि गुणांची अट प्रवेश मिळवणाऱ्यांच्या सरासरीएवढीच आहे, तिथे त्या विद्यार्थ्याला हमीने नेमके काय दिले याचा विचार करावा. तेवढे गुण आणि तेवढा जीपीए मिळवणारा मुलगा नेहमीच्या वाटेनेही बहुधा कुठे तरी पोचला असता. उलट, पहिल्या सत्रात घराची आठवण, आजारपण किंवा एखादा अवघड विषय यामुळे गुण घसरले तर काय होते, एखादे सत्र सावरायला मिळते की जागा लगेच जाते, हा प्रश्न लेखी विचारावा आणि त्याचे उत्तरही लेखी मागावे. दुसरा प्रश्न बाहेर पडण्याचा. काही अभ्यासक्रमांत इतर वैद्यकीय विद्यालयांकडे अर्ज करताच राखीव जागा सोडावी लागते. काहींत तशी मुभा असते. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: वैद्यक नको असे तिसऱ्या वर्षी वाटले तर हातात पूर्ण आणि उपयोगी पदवी राहते का? सहा वर्षांच्या एकसंध अभ्यासक्रमात मध्येच थांबणाऱ्याचे हाल होऊ शकतात, कारण त्याचे विषय इतरत्र नीट बसत नाहीत. किती जण प्रवेश घेतात आणि त्यांतले किती जण त्याच वाटेने एमडी होतात हा आकडा विद्यापीठाकडे असतो. जे विद्यापीठ तो सांगायला कचरते, त्याच्याविषयी सावध राहावे.

पैशाची बाजू यंदा विशेष बारकाईने पाहायला हवी, कारण नियम बदलले आहेत. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होत आहे, आणि वैद्यकासारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा येत आहे. खासगी वैद्यकीय विद्यालयात राहण्याजेवणासह चार वर्षांचा खर्च साडेतीन लाख डॉलरांच्या वर जातो. मधला फरक घरच्या पैशातून किंवा चढ्या व्याजाच्या खासगी कर्जातून भरावा लागेल. सतराव्या वर्षी एखाद्या महागड्या वैद्यकीय विद्यालयाशी बांधून घेणे म्हणजे चार वर्षांनंतरचे ते बिल आजच मान्य करणे होय. टेक्सासचेच उदाहरण घ्या. तिथल्या सरकारी वैद्यकीय विद्यालयांत निदान ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांना देण्याचे बंधन कायद्याने आहे आणि त्यांचे शुल्क देशात सर्वांत कमी शुल्कांत मोडते. अशा राज्यात राहणाऱ्या हुशार मुलीने दूरच्या खासगी संयुक्त अभ्यासक्रमासाठी हा हक्क सोडावा का, हे कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहावे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रॉसमन विद्यालयाने २०१८ पासून शिकवणी शुल्क माफ केले आहे, अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाने रूथ गॉट्समन यांच्या एक अब्ज डॉलरांच्या देणगीतून २०२४ मध्ये तेच केले, आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये तीन लाख डॉलरांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी २०२४ पासून शुल्क माफ आहे. तिथे प्रवेश मिळेलच असे कोणी सांगू शकत नाही. तरी चार वर्षांनंतर निवड करण्याचा अधिकार राखण्याला काही मोल आहे, आणि ते हिशेबात धरले पाहिजे.

याच संदर्भात एक बाब. ज्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका संयुक्त अभ्यासक्रमासाठी पुरेशी असते, त्याला राज्य विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात (निवडक हुशार विद्यार्थ्यांसाठीच्या विभागात) मोठी शिष्यवृत्ती मिळण्याचीही चांगली शक्यता असते. कर्जाशिवाय पदवी आणि मग पुढची जागा शोधण्याचे स्वातंत्र्य, ही तुलना घरात फारशी होतच नाही, कारण त्या पदवीपत्रावर एमडी ही दोन अक्षरे नसतात.

काही संयुक्त अभ्यासक्रम मात्र मला मनापासून मोलाचे वाटतात, आणि त्यांची चर्चा आपल्या लोकांत सर्वांत कमी होते. न्यू मेक्सिको विद्यापीठाने २००६ मध्ये सुरू केलेला बीए-एमडी अभ्यासक्रम दरवर्षी २८ विद्यार्थ्यांना घेतो. ते त्याच राज्यातले असतात आणि राज्याच्या डॉक्टर नसलेल्या ग्रामीण भागांत त्यांनी पुढे काम करावे हा त्यामागचा हेतू आहे. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९७३ पासून शहरातील गरीब वस्त्यांना डॉक्टर मिळावेत म्हणून चालतो, आणि पूर्वी शेवटची वर्षे दुसऱ्या विद्यालयांत काढावी लागणाऱ्या त्याच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून स्वतःचे एमडी विद्यालय उभे आहे. या ठिकाणी विद्यार्थ्याला लवकर निवडण्यामागे सार्वजनिक कारण आहे. ज्या घरांत डॉक्टर कोणी नाही, एमकॅटच्या क्लासचे पैसे नाहीत, आठ वर्षांची अनिश्चितता परवडत नाही, अशा घरातल्या मुलासाठी हमी ही चैन नसून एकमेव दार असते. त्याच हमीचा उपयोग दोन्ही पालक डॉक्टर असलेल्या घरातल्या मुलाला तितका होत नाही, हे आपण मान्य करायला हवे.

नागरिकत्वाचा मुद्दा आपल्या वाचकांसाठी फार निकडीचा आहे. बहुतेक संयुक्त अभ्यासक्रम अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासाठीच आहेत. नेहमीच्या वाटेनेही परदेशी विद्यार्थ्यांचा विचार करणारी वैद्यकीय विद्यालये निम्म्याहून कमी आहेत, त्यांतली काही पुढच्या वर्षांचे शुल्क आधीच जमा करायला सांगतात, आणि सरकारी कर्ज या विद्यार्थ्यांना मिळत नाही. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, लहानाची मोठी झालेली, सगळे शिक्षण इथेच झालेली आपली हजारो मुले आईवडिलांच्या ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. २१ वर्षे पूर्ण झाली की त्यांचा अवलंबित दर्जा संपतो आणि त्यांना विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. सात-आठ वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या ऐन मध्यावर ही तारीख येते. अशा कुटुंबाने सल्लागाराला पैसे देण्यापूर्वी प्रत्येक अभ्यासक्रमाची पात्रतेची अट स्वतः वाचावी, आणि प्रवेशाच्या वेळी एक दर्जा व एमडी सुरू होताना दुसरा असेल तर काय होईल याचे लेखी उत्तर घ्यावे. यात मुलाचा काहीही दोष नसतो, म्हणूनच ते आधी पाहणे हे मोठ्यांचे काम आहे.

राहिला प्रश्न सतराव्या वर्षीच्या इच्छेचा. मुलाखतीत डॉक्टर का व्हायचे आहे असे विचारले की मुले तयार उत्तर देतात, आणि ती उत्तरे खोटी असतात असे मी मुळीच म्हणणार नाही. पण या अर्जांसाठी रुग्णालयातले तास, प्रयोगशाळेतले उन्हाळे, स्वयंसेवेची प्रमाणपत्रे हे सगळे नववीपासून जमवले जाते, त्यासाठी सल्लागारांना हजारो डॉलर दिले जातात, आणि या सगळ्यात मूल स्वतः काय म्हणते ते ऐकायला कोणाला उसंत राहत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या रेसिडेंट डॉक्टरांत संयुक्त अभ्यासक्रमातून आलेले काही अत्यंत उत्तम होते, रुग्णाजवळ बसून शांतपणे ऐकणारे, वाचणारे. त्यांचे ज्ञान इतरांहून कमी होते असे मला कधी जाणवले नाही. ज्यांना त्रास झाला त्यांचा त्रास वेगळाच होता: पंचविसाव्या वर्षी, रात्रपाळीच्या शेवटी, हे मी निवडले की माझ्यासाठी निवडले गेले असा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडत होता. नेहमीच्या वाटेवर हा प्रश्न बहुधा आधी पडतो, कारण ती वाट विद्यार्थ्याला दोन-तीन वेळा थांबवून विचारते. संयुक्त अभ्यासक्रमात तसे कोणी थांबवत नाही. म्हणून तो प्रश्न घरातच, जागा स्वीकारण्यापूर्वी, आणि नाही या उत्तराची खरोखर तयारी ठेवून विचारला गेला पाहिजे.

तेव्हा मला विचारणाऱ्यांना मी असे सांगते. त्या अभ्यासक्रमातून वैद्यक वजा करून पाहा. जे महाविद्यालय उरते तिथे, केवळ पदवीसाठी, त्या खर्चात, तुमची मुलगी आनंदाने गेली असती का? गेली असती, अभ्यासक्रम आठ वर्षांचा असेल किंवा सातचा असूनही वेग विद्यार्थ्याला ठरवता येत असेल, जीपीएची अट माणसाला शोभेशी असेल आणि बाहेर पडणाऱ्याला पूर्ण पदवी मिळत असेल, तर जागा जरूर घ्यावी. अशी निश्चिती दुर्मीळ आहे. केवळ एक वर्ष वाचते म्हणून, किंवा एमकॅट टळते एवढ्यासाठी, जिथे ती एरवी गेलीच नसती अशा महाविद्यालयात तिला पाठवू नये. आणि तिला स्वतःला खात्री नसेल तर नेहमीची वाट अधिक चांगली. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी अर्ज करून जागा राखण्याच्या योजना काही वैद्यकीय विद्यालयांत आहेत. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, थोडे जग पाहून घेतलेला तो निर्णय मला सतराव्या वर्षीच्या निर्णयापेक्षा पुष्कळच भरवशाचा वाटतो.

अखेरीस आपल्याला एक विनंती. परदेशातील मराठी मुलांच्या यशाच्या बातम्यांत अशा प्रवेशांचे कौतुक होते तेव्हा अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे, हमीच्या अटी काय आहेत, एकूण खर्च किती येतो आणि ग्रीन कार्ड नसलेल्यांना तो खुला आहे का, एवढी माहितीही त्या बातमीसोबत छापावी. बहुतेक विद्यापीठांना जागा स्वीकारल्याचे १ मेपर्यंत कळवावे लागते आणि संयुक्त अभ्यासक्रमांची उत्तरे अनेकदा मार्च-एप्रिलमध्ये येतात. घरच्यांना विचार करायला जे थोडे आठवडे मिळतात, त्यांत ही माहिती हाताशी असेल तर आजोबांपासून अर्जदार नातीपर्यंत सगळ्यांना एकाच कागदावर बोट ठेवून बोलता येईल.

आपली विश्वासू,
एक डॉक्टर वाचक, न्यू जर्सी